त्रेसष्टची पाटी

त्या गावात कुणाला आडनावानं ओळखत नाहीत. विचारायला जाल तर समोरचा गोंधळून बघत राहील. तेच ‘बाराच्या काकू कुठं राहतात’ म्हणा, की अख्खी गल्ली रस्ता दाखवायला पुढं येईल. चाळीसचे आजोबा, सातची थोरली सून, एकोणऐंशीचा चष्मेवाला अशी ही माणसं. पन्नास वर्षांपूर्वी तिथं नुसतं माळरान होतं. मग कालवा आला, आणि कालव्यामागून पंचवीस गावांची ब्याऐंशी कुटुंबं आली. कुणाची कुणाशी ओळख नाही, पाळख नाही. प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा, त्या तुकड्याला नंबर आणि नंबराची एक पत्र्याची पाटी मिळाली. नावं लक्षात राहीनात म्हणून लोक एकमेकांना नंबरानं हाका मारू लागले, आणि पुढं ज्यांची नावं पाठ झाली त्यांनाही नंबरच चिकटून राहिले.

या गावात नंबर नसलेला माणूस एकच, तो म्हणजे पेंटर. खरं तर त्या ब्याऐंशी पाट्या त्यानंच रंगवल्या होत्या. पण तो आला होता कालव्याच्या कामावर, दगडांवर आकडे टाकायला. त्याला जमीन नव्हती, म्हणून नंबर नव्हता. काम संपलं, मुकादम गेला, तंबू गेले, आणि हा बाबा गोदामामागच्या खोलीत राहिला तो राहिलाच. लोक त्याला ‘बिननंबरी’ म्हणून चिडवत आणि तोही हसे. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर म्हणे, पत्रिकेवर पत्ता काय घालायचा?

गावातली एकूण एक पाटी त्याच्या हातची. शाळेची, गिरणीची, बियाण्यांच्या दुकानाची, एसटीच्या थांब्याची. गावाचा इतिहास कुणाला हवा असेल तर त्यानं कागद शोधत बसू नये, मान वर करून पाट्या वाचाव्यात. शाळेच्या पाटीवर नीट बघितलं तर खाली ‘जनावरांचा दवाखाना’ अजून पुसट दिसतं. आधी तिथं बैल बांधत, मग पोरं बसवली. मास्तर म्हणत, फार फरक पडला नाही.

आता यातली गंमत अशी, की या माणसाला वाचता येत नव्हतं. अक्षर मोत्यासारखं, पण अक्षराशी ओळख नाही. कुणी कागदावर लिहून द्यावं आणि यानं ते चित्र उतरवावं तसं भिंतीवर उतरवावं. डॉक्टरांनी एकदा चिठ्ठी दिली, ‘दवाखाना सकाळी दहा ते एक. अक्षर मोठं काढ.’ पेंटरनं ते सगळंच्या सगळं दारावर रंगवलं. डॉक्टरांचं स्वतःचं अक्षर मुंगीएवढं होतं, म्हणून लोकांना वाटलं की ही सूचना डॉक्टरांनाच आहे आणि ती योग्यच आहे. ती पाटी अजून आहे.

आकड्यांसाठी त्याच्याकडे पत्र्याचे साचे होते. पत्र्यात आकडा कापायचा, पाटीवर ठेवायचा, वरून ब्रश मारायचा. पत्रा वाचवायचा म्हणून तीन आणि सहा यांना त्यानं एकच साचा केला होता. सरळ ठेवला की तीन, उलटा ठेवला की सहा, आणि मग हातानं जरासं शेपूट ओढायचं. एक ते नऊ ही आकड्यांची नावं त्याला ठाऊक होती. पण दोन आकडे शेजारी आले की त्याचं काय म्हणतात, ते त्याच्या डोक्यात बसत नसे.

पाट्या वाटण्याचा दिवस त्याला काल झाल्यासारखा आठवे. ताडपत्रीखाली टेबल मांडलेलं. कारकून यादीतून नाव वाचायचा, नंबर पुकारायचा आणि पेन्सिलीनं पाटी दाखवायचा. पेंटर ती उचलून द्यायचा. कारकून मोठा सज्जन माणूस होता, पण तेव्हा त्याला खोकल्यानं धरलं होतं. एक तरुण जोडपं पुढं आलं. नवऱ्याला एका कानानं कमी ऐकू येत होतं, बायको दोन पावलं मागं उभी. कारकुनानं कसंबसं ‘छत्तीस’ म्हटलं, आणि त्याला अशी ढास लागली की पेन्सिल हातातून पडली. त्यानं नुसता हात हलवला, दे म्हणून. पेंटरसमोर तीन आणि सहाच्या दोन पाट्या होत्या. छत्तीस म्हणताना आधी सहा ऐकू येतो. त्यानं सहा आधी असलेली पाटी उचलली आणि त्या जोडप्याच्या हातात दिली.

पाटी घेऊन ते दोघं त्रेसष्टच्या खुंटीवर जाऊन उभे राहिले. मागून खरे त्रेसष्टवाले आले, त्यांना उरलेली पाटी मिळाली आणि ते छत्तीसच्या खुंटीवर गेले. दोन वर्षांनी कागद झाले तेही दारावरच्या पाट्या बघूनच.

छत्तीस नंबरची जमीन कालव्याच्या तोंडाशी होती. काळीभोर, लोण्यासारखी, आणि पाणी सगळ्यांत आधी मिळणारी. त्रेसष्ट होती शेवटाला, जिथं पाणी आलं तर आलं, आणि जमिनीत मातीपेक्षा दगड जास्त. त्या दोघांनी नऊ वर्षं दगड वेचले. वेचलेल्या दगडांचा बांध कंबरेएवढा झाला, मग छातीएवढा. लोक म्हणत, त्रेसष्टनं दुसरं काही पिकवलं नाही तरी बांध बाकी झकास पिकवलाय.

डॉक्टरांच्या पाटीवरून गाव हसून हसून बेजार झालं तेव्हा एकच माणूस हसलं नाही, त्या त्रेसष्टच्या वहिनी. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांनी पेंटरला निरोप धाडला, दुपारी येत जा, महिनाभरात वाचायला शिकवते. तो जाऊ लागला. ओसरीवर बसायचं, पाटीवर गिरवायचं, निघताना चहा प्यायचा. अक्षरं भराभर आली, कारण हाताला ती आधीच येत होती. मग आकडे निघाले.

त्या दिवशी वहिनींनी पाटीवर दोन आकडे लिहिले आणि हसत म्हणाल्या, “हे बघा भाऊजी, हा छत्तीस. तीन आणि सहा पाठीला पाठ लावून बसलेत. म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा म्हणतात. आणि हा आमचा त्रेसष्ट. दोघं एकमेकांकडे बघतायत. आपल्या बोलण्यात उलटं असतं, तोंडात सहा आधी येतो आणि पाटीवर तीन आधी.”

पेंटरच्या हातातली लेखणी तिथंच थांबली. समोर दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, शेतातून येऊन हात धूत होते. बोटांना फडकी गुंडाळलेली. पेंटरच्या डोळ्यांसमोर ती ताडपत्री आली, तो खोकला आला, आणि त्या माणसाच्या हातात आपण कुठली पाटी दिली ते आलं. माणसं वाचायला शिकून शहाणी होतात. या बिचाऱ्याच्या वाट्याला पहिल्याच धड्यात हे आलं.

बोलायला हवं होतं, पण बोलला नाही. तेव्हा कागद नुकतेच झाले होते. छत्तीसवाल्यांचं घर उभं राहिलं होतं, त्यांच्या विहिरीला पाणी लागलं होतं. आता बोललो तर दोन घरं उठतील, कारकुनाची नोकरी जाईल आणि आपल्याला या ओसरीवर कुणी उभं करणार नाही. यातली पहिली दोन कारणं तो स्वतःला मोठ्यानं सांगे आणि तिसरं हळूच. हळू सांगितलेलंच कारण खरं असतं, हे त्यालाही कळत होतं.

त्या वर्षी पीक घरात आलं तेव्हा तो चुन्याची बादली घेऊन त्रेसष्टच्या दारात हजर झाला. घर रंगवतो म्हणाला, गुरुदक्षिणा समजा. वहिनींनी नको नको म्हटलं, दादांनी शिडी धरली. पुढच्या वर्षी पुन्हा आला. मग दरवर्षीच. पुढं चुन्याचा डिस्टेंपर झाला, गवताचं छप्पर जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आली, पण हंगाम संपला की पेंटर बादली घेऊन त्रेसष्टला, यात खाडा पडला नाही. दादांबरोबर त्यानं दगडही उचलले. वहिनींच्या दोन बाळंतपणांत विहिरीवरून पाणी भरलं. मुलगा मुदतीच्या तापानं आजारी होता तेव्हा तालुक्याला सायकलनं जाऊन औषध आणलं. वहिनी सगळ्या गावाला सांगत, सख्खा दीर नाही मला, पण सख्खा असता तर इतकं केलं नसतं.

हे ऐकलं की पेंटर उठून उगाच ब्रश धुवायला जाई.

आणि नशिबाची थट्टा बघा. छत्तीसच्या घरात सोन्यासारखी जमीन, पण दोघा भावांचं एकमेकांशी पटलं नाही. घराच्या मधोमध भिंत घातली, एकाच चुलीच्या दोन झाल्या. बांधावरून भांडणं इतकी, की पाणी सोडणारा माणूस त्यांच्या दाराशी आला की आधी टोपी घट्ट करायचा. त्रेसष्टला दगड आणि धोंडे, आणि तिथं संध्याकाळी नवरा-बायको ओसरीवर बसून हसताना दिसायची. गाव म्हणायचं, नंबरच तसे आहेत. पेंटर हे ऐकायचा आणि त्याला थोडं बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून जास्त वाईट वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी दादा गेले. पाठीनंच घेतलं त्यांना, शेवटची दोन वर्षं सरळ उभं राहता येत नव्हतं. पेंटर रोज जाऊन पाठीला तेल लावी. त्यानंतरही घर रंगवणं चालूच राहिलं, फक्त शिडी आता त्यांचा मुलगा धरू लागला.

त्या मुलाची बायको शाळेत शिकवते. सगळं गाव तिला बाई म्हणतं. गावाला पन्नास वर्षं होणार म्हणून गावाचं छोटंसं पुस्तक काढायचं ठरलं आणि ते काम साहजिकच बाईंच्या गळ्यात पडलं. त्या कालव्याच्या जुन्या ऑफिसात गेल्या, तिथल्या कपाटात हात घातला आणि धुळीबरोबर ती पहिली यादी बाहेर आली. यादीत त्यांच्या सासऱ्यांच्या नावापुढं छत्तीस लिहिलं होतं.

बाईंनी तो कागद ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवला, तेव्हा पेंटर तिथंच चहा पीत होता. बाई म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही. कागद ताब्याप्रमाणे झालेत, पन्नास वर्षं उलटली, आता कुणाची जमीन कुठं जात नाही. पण इतिहास म्हणून लिहायला हवं, की पाट्या वाटताना कारकुनाच्या हातून चूक झाली. वहिनींनी तो कागद हातात घेऊन बघितला. मग एवढंच म्हणाल्या, “त्या कारकुनाला काय कळलं असेल, कुणाच्या पाठीवर काय टाकलं ते.”

म्हणजे पेंटरचा सुंठीवाचून खोकला जात होता. कारकून जाऊन वीस वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडलं की तो काही उठून नाही म्हणत नाही. पेंटरनं फक्त चहा संपवून घरी जायचं होतं. पण याच कारकुनानं त्याला कालव्यावर कामाला लावलं होतं, बदली होऊन गाव सोडताना आपली छत्री देऊन गेला होता. ती छत्री अजून खोलीत खुंटीला होती. चार दिवस पेंटरनं ती बघितली. पाचव्या दिवशी दुपारी तो त्रेसष्टला गेला. वहिनी ओसरीवर धान्य निवडत होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कारकुनाचा खोकला, दोन पाट्या, आणि तो धडा जेव्हा झाला तेव्हापासून आपल्याला माहीत होतं, तेही.

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

“यांचे हात तुम्ही रोज बघत होतात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पाठीला तेल लावत होतात.”

“हो वहिनी.”

त्या त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या, त्यानंच रंगवलेल्या. मग म्हणाल्या, “जमिनीचं जाऊ दे. जमीन आम्ही केली आमची. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही मायेनं येता. तुम्ही फेडायला येत होतात होय?”

खरं उत्तर पेंटरला एका शब्दात ठाऊक नव्हतं. तो पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर दीड महिना तो त्या गल्लीत फिरकला नाही. गावाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्रेसष्ट आणि बिननंबरी यांच्यात छत्तीसचा आकडा कसा काय, अशी कुजबुज झाली, पण कुणाला काही कळलं नाही. वहिनींनी तोंड उघडलं नाही. चहाला पेंटर एसटीच्या थांब्यावर जाऊ लागला आणि तिथला चहा त्याला कधीच गोड लागला नाही. साखर कमी आहे का म्हणून टपरीवाल्यानं दोनदा विचारलं.

पीक घरात आलं. सवयीनं त्यानं रंगाचे डबे काढले, ब्रश रॉकेलमध्ये भिजवले आणि मग बसून राहिला. जावं तर वाटणार, फेडायला आला. न जावं तर वाटणार, फेडून झालं म्हणून सुटला. बहात्तर वर्षांच्या माणसाला एका भिंतीचं इतकं कोडं पडावं, याचं त्याचं त्यालाच हसू येई. हसू येई आणि मग जेवण जात नसे.

शेवटी बाई आल्या. गोदामामागच्या त्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, “आईंनी बोलावलंय. आणि सांगितलंय की बादली-ब्रश घरी ठेवून या.”

“मग कशाला येऊ?”

“ते त्यांनी नाही सांगितलं.”

पेंटर निघाला. रस्त्यात त्याला कळेना की हातांचं करायचं काय. एकदा मागं बांधले, एकदा खिशात घातले, मग नुसते लोंबू दिले. हंगाम संपल्यावर त्रेसष्टला मोकळ्या हातानं तो त्या धड्यापासून कधी गेलाच नव्हता. घराजवळ आला तर भिंतीचे पोपडे सुटलेले दिसले, आणि दारावरची पाटी उन्हानं इतकी विटली होती की सहाचं शेपूट दिसत नव्हतं. त्याची बोटं आपोआप वळवळली.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. बसा म्हणाल्या. तो खालच्या पायरीवर टेकला. बाईंनी चहा आणून ठेवला आणि पुस्तकाचे कागद घेऊन त्या तिथंच बसल्या. वहिनींनी त्यांना सांगितलं, लिही, पाट्या वाटताना अदलाबदल झाली ती कारकुनाची चूक नव्हती, पेंटरची होती. बाईंनी पेंटरकडे बघितलं. त्यानं मान हलवली. बाईंनी लिहिलं.

“आता मला एक सांगा भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “दोन पाट्या होत्या. हीच का दिली?”

“छत्तीस म्हणताना सहा आधी ऐकू येतो.”

“एवढंच?”

पेंटरनं चहाचा कप खाली ठेवला. “नाही. कानावर माझा भरवसा नव्हता. मी तुमच्या दोघांकडे बघितलं. दादांना ऐकू आलं नव्हतं म्हणून ते वळून तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही त्यांच्याकडे. एका पाटीवरचे आकडे पाठ फिरवून होते आणि एकीवरचे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, या दोघांची हीच असणार.”

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी लिहिणं थांबवलं. हे लिहायचं का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि बरं केलं.

थोड्या वेळानं पेंटर म्हणाला, “पहिली दोन-तीन वर्षं फेडायलाच येत होतो वहिनी. खोटं कशाला सांगू. पुढं ते कधी सरलं, मला कळलं नाही.”

“मलाही वाटलंच होतं सरलं असेल,” वहिनी म्हणाल्या. “तरी दीड महिना राग आला. अजून थोडा आहे.”

“असू दे.”

वारा आला आणि भिंतीचा एक पोपडा सुटून त्याच्या खांद्यावर पडला. पेंटर झटकन उठला. म्हणाला, निदान पाटी तरी करून देतो, त्रेसष्टचा सहा आता कुणाला वाचता येणार नाही, बाईंकडे ब्रश असेल तर.

“खाली बसा,” वहिनी म्हणाल्या. “गावाला पाठ आहे तो. वाचायला मी तुम्हाला शिकवलं. आता नुसतं बसायला शिका.”

तो बसला. हात मांडीवर ठेवले, ते तिथं राहीनात, म्हणून एकात एक घट्ट धरले. खांद्यावरचा पोपडा त्यानं झटकला नाही. बाई दुसरा चहा टाकायला आत गेल्या आणि वहिनींनी मागून सांगितलं, त्यांच्यात साखर जरा जास्त घाल.